वैशे, तुझा फोटो मोठा होत नाही

वैशे, तुझा फोटो फाटतोय.

हे मी म्हणत नाही, पिंपळगावचा फ्लेक्सवाला म्हणाला. तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी तुझा भाऊ संजय आणि मी त्याच्या दुकानात उभे होतो. दहाव्याला कोपऱ्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा, गावात सगळ्यांचा लागतो, तुझाही लागलाच पाहिजे, असं संजयचं म्हणणं. मी पेन ड्राइव्ह दिला. त्या माणसाने तुझा चेहरा उघडला, मोठा केला, अजून मोठा केला, आणि तोंडातला मावा या गालातून त्या गालात सारत म्हणाला, "ताई, लय फाटतोय ओ. ओरिजिनल नाय का?"

ओरिजिनल नाय का! जन्मभर हा प्रश्न तू लोकांना विचारत आलीस. पोटासाठी आपण गावची कामं घ्यायचो तेव्हा कोणीही उठून मोबाईलवर आलेला बोटभर फोटो घेऊन यायचं आणि याचं बॅनर करा म्हणायचं. तू कपाळाला हात लावायचीस. "अहो, ताणून ताणून किती ताणणार? उद्या म्हणाल रुमालाचं धोतर करा!" आणि आता तुझाच फोटो बोटभर. मला त्या दुकानात हसू फुटलं. थांबेचना. संजयने दंडाला धरून बाहेर नेलं आणि रसवंतीच्या बाकावर बसवून पाणी पाजलं.

तो फोटो मीच काढलेला. नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आपल्या खोलीच्या गच्चीवर. तू मिसळ खाऊन उठली होतीस, नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मान एका बाजूला टाकून हसत होतीस, माझ्याच कुठल्यातरी बावळटपणाला. तुला स्वतःचा फोटो कधी आवडला नाही. प्रत्येक सहलीत कॅमेरा तुझ्या हातात, प्रत्येक लग्नात तू मागच्या रांगेत, कोणाच्या तरी खांद्याआड. हा एकच आवडला. "हा लावू या," म्हणालीस आणि आपण चित्रं विकतो त्या वेबसाइटवरच्या आपल्या पानासाठी तो छोटा केलास. छोटा केलास आणि वेगळं नाव देण्याऐवजी त्याच नावाने सेव्ह केलास. मूळ फोटो पुसला गेला. आपल्या धंद्यातली ही बिगरीच्या वर्गातली चूक. मी तुझ्या कॉम्प्युटरमध्ये शोध शोध शोधलं. फोल्डर सापडलं, त्याचं नाव 'ओरिजिनल'. आत एकच फाइल, नखाएवढी. ज्या फोनवर मी तो काढला तो फोन केव्हाच दुकानदाराला परत देऊन नवा घेतलेला. शहाणे! हजारो चित्रांच्या मूळ प्रती दोन-दोन ठिकाणी जपल्यास, एक खोलीवर आणि एक संजयच्या कपाटात, आग लागली तर असू दे म्हणून. आणि स्वतःची एक ठेवता आली नाही?

फ्लेक्सचं मला एवढं नव्हतं. फ्लेक्स उन्हाने विटतो, मग कोणीतरी कांद्यावर झाकायला नेतो. पण मावशी. तुझी आई. तिचा एक डोळा काचबिंदूने नेलाय आणि दुसऱ्यात धुकं आहे. ताटातली भाजी ती वासाने ओळखते आणि माणूस आवाजाने. घरात तुझी म्हणून जी चित्रं होती, आधार कार्ड आणि शाळेचं ओळखपत्र, ती तिने नाकाला लावून पाहिली आणि हळूच खाली ठेवली. मग माझा हात चाचपून धरला.

"माधे, तू चित्रं काढती ना गं? मला दिसंल एवढी मोठी कर तिला. भिंतीएवढी कर. तोंड न दाखवता गेली माझी लेक. दवाखान्यात काचंतून दाखवली, मला काय दिसनार काचंतून?"

मी हो म्हणाले. नाही कशी म्हणणार? आपण दोघींनी आयुष्यभर दुसरं केलं तरी काय? लहानाचं मोठं करायचं आणि फाटू द्यायचं नाही.

तुला आठवतं, हा धंदा मावशीला समजावून सांगताना आपली काय त्रेधा उडाली होती? द्राक्षांच्या खोक्यांवर घड आणि पानं काढायची नोकरी सोडून आपण इंदिरानगरात खोली घेतली तेव्हा ती धास्तावली होती. एक बिनलग्नाची, एक संसार मोडून आलेली, दोघी दिवसभर दार लावून करतात काय? तू ओट्यावर तिच्या शेजारी बसलीस आणि सांगितलंस, आई, आम्ही चित्रं काढतो आणि परदेशातल्या वेबसाइटवर दुकानासारखी मांडून ठेवतो. ज्याला जाहिरातीला, पुस्तकाला, बिस्किटाच्या पुड्याला हवं असेल तो पैसे भरून घेतो. चित्र आमच्याकडेच राहतं, त्याला नक्कल मिळते. एकच चित्र कितीही जणांना विकता येतं.

"म्हंजी म्हैस आपल्या दावणीला आन् दूध समद्या गावाला," मावशी म्हणाली. इतकं सोपं करून मला आजवर कोणाला सांगता आलेलं नाही.

मग तू तिला वेक्टर सांगायला घेतलंस. असं चित्र की ज्यात रंगाचे ठिपके नसतातच, नुसत्या रेषांचं गणित असतं. टिकलीएवढं ठेवा नाहीतर डोंगराएवढं करा, कड धारदार ती धारदार. आणि त्याच चित्राची दुसरी प्रत, साध्या फोटोसारखी, बारीक चौकोनी ठिपक्यांची, ज्यांना घाई असते त्यांच्यासाठी. ती ताणली की चौकोन उघडे पडतात, त्यालाच फाटणं म्हणतात. मावशीने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते दुसरं, फाटकं, कशाला इकता गं पोरींनो? लोकं काय म्हनतील?" तू ओट्यावर लोळून हसलीस. पुढे आपल्या घरात जेपीईजीचं नावच फाटकं पडलं. "फाटकं चढवलंस का?" "थांब, आधी फाटकं जाऊ दे, मग वेक्टर." पलीकडच्या बाईंना वाटायचं आपण जुने कपडे विकतो.

मला या धंद्यात तूच ओढलंस. मी सासरहून बॅग घेऊन परत आले तेव्हा भेटेल तो विचारत होता, काय झालं, कसं झालं, कोणाचं चुकलं. तू आलीस, माझ्याकडे बघितलंस आणि एवढंच विचारलंस, "हात चालतोय ना?" मी हो म्हटलं. "मग चल." त्या दोन शब्दांवर मी इतकी वर्षं जेवले, वैशे. हे तुला कधी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर तू "चहा टाक आणि गप बस" म्हणाली असतीस, म्हणून राहून गेलं.

मी कागदावर पेन्सिलने काढायचे, तू ते स्क्रीनवर पेन टूलने पुन्हा काढायचीस. एक पॉइंट इथे, एक तिथे, मधली रेष ओढून वळवायची. मला शिकवताना मांडीवर स्केल घेऊन बसायचीस, मास्तरणीसारखी. "कमीत कमी पॉइंट. दोन पॉइंटांत होत असेल तर तिसरा टाकणारा माणूस घाबरट." मी घाबरटच होते. माझ्या रेषेला गाठी असायच्या, काटेरी तारेसारख्या. तू त्या एकेक काढून टाकायचीस आणि रेष सुटी व्हायची. ते बघताना मला बरं वाटायचं, का ते माहीत नाही.

आणि आपलं पंचांग! वेबसाइटवर सण काही महिने आधी मांडावे लागतात, म्हणून चैत्रात घामाघूम होऊन आपण गणपती काढायचो आणि आषाढात दिवाळीच्या पणत्या. खरी दिवाळी यायची तेव्हा आपल्याला आकाशकंदील बघवत नसायचा. यंदा संक्रांतीचे पतंग तू भाद्रपदातच चढवून ठेवलेस. वेबसाइटवाले चित्रं तपासतात, पास करतात किंवा परत पाठवतात, त्याला वेळ लागतो. पतंग पास झाल्याचा निरोप तुझ्या दहाव्याला आला. मी नदीवर होते, संजयच्या डोक्यावरून वस्तरा फिरत होता, आणि फोन वाजला. अभिनंदन, तुमची चित्रं स्वीकारली आहेत. कोणाचं अभिनंदन करत होते गं ते?

त्याच दिवशी फ्लेक्स लागला. फोटो फाटतो म्हणून संजयने बिनफोटोचा छापून घेतला होता. भावपूर्ण श्रद्धांजली, खाली तुझं नाव, त्याखाली भाऊबंदांची लांबलचक रांग, आणि फोटोच्या जागी एक पेटती पणती. मी रिक्षातून उतरले आणि लांबूनच ती ज्योत ओळखली. एका रेषेत, एकही पॉइंट जास्त न टाकता, टोकाशी जराशी डावीकडे झुकलेली. तिच्यासाठी तू माझं डोकं खाल्लं होतंस. तुझी पणती होती ती. फ्लेक्सवाल्याने नेटवरून फुकट उचललेली, कारण ज्योतीवरून वेबसाइटचा पुसट शिक्का आडवा गेला होता, विकत न घेता नेणाऱ्यांची चोरी दिसावी म्हणून मारतात तो. तुझ्याच श्रद्धांजलीला तुझंच चित्र, तेही चोरून, तेही फाटकं! भाऊबंद हात जोडून उभे होते आणि मी त्या शिक्क्याकडे बघत होते. हे सांगायचं कोणाला? एकच माणूस होतं ज्याला ऐकल्या ऐकल्या कळलं असतं. तू आधी भडकली असतीस, मग पोट धरून हसली असतीस, मग म्हणाली असतीस, "जाऊ दे गं, निदान चांगलं तरी उचललं." पिठलं-भात वाढत होते तिथे जाऊन पंगतीत बसले.

आपलं एक भांडण राहिलंय.

मी कागदावर बाई काढायचे ती कोणीतरी असायची. पेठ तालुक्यातली भात लावणारी, पोटऱ्यांपर्यंत चिखल, एका कानात बाळी आणि दुसऱ्यात नुसती काडी. नाहीतर आपण नोकरीला होतो तिथल्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमधली, कात्रीने खराब मणी काढणारी, करंगळी वाकडी. तू तिला स्क्रीनवर घ्यायचीस आणि बटाट्यासारखी सोलायचीस. करंगळी सरळ. दोन्ही कानांत सारखं. तीळ गेला, सुरकुती गेली, कपाळावरचा व्रण गेला. मी ओरडायचे. तू शांत. "माधे, चेहरा ओळखू आला की वेबसाइटवाले त्या माणसाच्या सहीचं परवानगीपत्र मागतात. कोणाकोणाच्या बांधावर जाणार सह्या घ्यायला? आणि विकत घेणाऱ्याला तुझी पेठची बाई नकोय. त्याला बाई हवीये. कुठलीही." मी म्हणायचे, कुठलीही अशी बाई जगात नसते. तू म्हणायचीस, "म्हणूनच तर विकत घ्यावी लागते."

तुझ्या जिभेला हाड नव्हतं. पण विक्री आटायला लागली तेव्हा माझ्याकडे उत्तर आलं. लोक आता यंत्राला चार शब्द सांगतात आणि यंत्र चित्र काढून देतं. जगातली चित्रं बघून बघून शिकलेलं यंत्र, त्यात आपलीही असणारच. एका दुपारी मी तुला तसलं एक चित्र दाखवलं. डोक्यावर टोपली, पिवळं लुगडं, ओठांवर तेच गोड हसू. आपलीच वाटत होती आणि आपली नव्हती. मी म्हटलं, "बघ. ही कोणीच नव्हती म्हणून आपल्या हातून गेली. करंगळी वाकडी ठेवली असतीस तर ओळखता तरी आली असती." तू पर्स उचललीस. तुला पिंपळगावला जायचं होतं, मावशीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. चपला घालता घालता म्हणालीस, "तुझं चूक आहे असं नाही. पण बरोबरही नाहीये. सोमवारी येते, मग नीट भांडू."

सोमवारी ताप होता. "साधा आहे गं, डास चावलाय कुठला तरी," फोनवर म्हणालीस. मग प्लेटलेट, मग रक्ताच्या पिशव्या, मग ते काचेचं दार, आणि मग संजयचा फोन, ज्यात तो नुसता "ताई, ताई" करत राहिला.

नीट भांडू म्हणाली होतीस. काय सांगणार होतीस? का नव्हतं माझं बरोबर? मी दोन्ही बाजूंनी बोलून बघते, पण तुझी बाजू मला येत नाही. तू एसटीत खिडकीशी बसून काहीतरी शोधून ठेवलं असणार, मला चीत करणारं, आणि ते डोक्यात घेऊनच गेलीस. मला ते हवंय. हरायला मी तयार आहे, पण ते ऐकायचंय. समोर खुर्ची आहे, तिच्यावर तुझा स्वेटर आहे, आणि बोलायला कोणी नाही. लोक म्हणतात काळ जाऊ दे. काळ गेल्याने कुठलं भांडण पुरं होतं?

तेरावं झालं आणि मी तुझा फोटो घेऊन बसले. नखाएवढा फोटो ताणून खाली ठेवला, हलू नये म्हणून त्याला कुलूप घातलं, वर कोरा लेअर आणि हातात पेन टूल. वेक्टर करायची. मग भिंतीएवढी केली तरी फाटणार नाही. मावशीला दिसेल.

एवढी मोठी केल्यावर तू राहिलीच नव्हतीस. एक तपकिरी चौकोन, शेजारी जरा फिका तपकिरी चौकोन. डोळा म्हणजे काळसर चार चौकोन. पापणी कुठे संपते? हनुवटी कुठून वळते? फोटो सांगेना. आणि मला, समोरासमोर बसून वर्षानुवर्षं तुलाच बघत आलेल्या मला, सांगता येईना. हे कसं होतं गं? तुझा आवाज कानात आहे. तुझ्या केसांच्या तेलाचा वास खोलीत आहे. पण तुझ्या भुवईची कमान काढ म्हटलं की हात थांबतो. आणि थांबलेला हात मग त्याला येतं तेच काढतो. माझ्या हाताला जे येतं ते सगळं तुझं, तूच शिकवलेलं. दोन पॉइंटांत भुवई. दोन पॉइंटांत ओठ. गाल स्वच्छ. मी खोडायचे, पुन्हा काढायचे. दर वेळी ती आणखी देखणी व्हायची आणि आणखी लांब जायची. जेवण नाही, खाणं नाही, मी त्या चौकोनांत राहायलाच गेले होते. कुठला चौकोन नाकाचा, कुठला नाकपुडीखालच्या सावलीचा, पाठ झालं मला. त्यातली तू मात्र हाताला लागली नाहीस.

शेवटी थकले. मानेचा कल तसाच ठेवला, फोटोतली निळी ओढणी ठेवली, आणि स्वतःला म्हटलं, आहे, हीच आहे. सेव्ह करताना सवयीने शोधशब्द टाकायला लागले, आपण प्रत्येक चित्राला टाकायचो तसे, लोकांना सापडावं म्हणून. बाई. हसरी. भारतीय. एकटी. पुढे सुचेना. 'वैशाली' असा शब्द टाकून आता कोण शोधणार आहे?

नाशिकमध्येच दाराएवढं छापून घेतलं. कड बघितली असतीस तर तुझी छाती फुगली असती. कुठेही फाटलेलं नव्हतं.

गुंडाळी घेऊन एसटीने पिंपळगावला गेले. बागांच्या छाटण्या चालल्या होत्या. मावशी ओट्यावर बसली होती, पाऊल ओळखून म्हणाली, "माधे, आणली का?" मी तिच्यासमोर खाट उभी केली आणि चित्र खाटेवरून खाली सोडलं. तिने जवळ येऊन हात फिरवला. मग चेहरा अगदी कागदाला लावला आणि कपाळापासून खाली, सावकाश, सगळं चित्र त्या धुक्याच्या डोळ्याने चाचपलं. मागे सरून पुन्हा बघितलं.

"लय देखनी हाय," ती म्हणाली. "गौरीवानी. कोन हाय गं ही?"

"मावशी, वैशाली आहे."

"नाय गं बाय." माझीच समजूत काढल्यासारखी बोलली. "वैशी अशी नव्हती. ही दुसरी कोन तरी हाय. चांगली हाय, ठिव तू." आणि चुरगळू नये म्हणून कागदाची कड हाताने सारखी केली.

वैशे, मी काढलेली बाई कोणालाही चालली असती. वेबसाइटवर चढवली असती तर पहिल्या फटक्यात पास झाली असती, कोणाच्या सहीची गरज पडली नसती. फक्त तुझ्या आईला ती चालली नाही. मी खाटेच्या पायाशी बसले. तू एकदाच गेली होतीस, आणि आता माझ्या हातून पुन्हा गेलीस असं वाटलं.

संजय बाजूला उभा होता. तो पिकअपकडे गेला आणि मागच्या ताडपत्रीखालून एक जाड घडी काढून आणली. कोपऱ्यावर पणतीचा लावला तरी फ्लेक्सवाल्याकडून त्याने तुझा फोटोही तेव्हाच वेगळा छापून घेतला होता, जसा होता तसा, फाटका, भिंतीएवढा. "तुमी बनवताय म्हनून म्या दाखवला नाय ताई," खाली बघत म्हणाला. मी त्याला नको म्हटलं. दादा, मावशीला नका दाखवू, त्यात चेहराच नाही. त्याने ऐकलं नाही. अंगणापलीकडच्या, कांदे साठवायच्या चाळीच्या फळ्यांना त्याने फ्लेक्सची चारी टोकं बांधली आणि बाजूला झाला.

चाळीवर नुसते चौकोन होते. वीतवीतभर, तपकिरी, काळे, निळे. सगळे माझ्या ओळखीचे.

मावशी ओट्यावर उठून उभी राहिली. खांब धरला. मान इकडून तिकडे फिरवून तिने तो एकच, धुक्याचा डोळा नेमका लावला, आणि तिचं तोंड उघडं राहिलं.

"अगं बया," ती म्हणाली. "आली का गं तू?"

संजय तोंड फिरवून पिकअपला टेकला.

"मान बघ कशी टाकलीय. हसतीय बघ, संज्या. नाकातनं पानी येईस्तोवर हसती ना ती, तशी हसतीय." मावशी रडत नव्हती. उन्हात कोणी लांबून चालत येत असेल तसं ती बघत होती. मग माझ्या दिशेने हात लांब केला. "माधे, दिसली का तुला? तुझ्याकडंच बघून हसतीय ती."

मी मागे मागे सरत ओट्याला टेकले. डोळे बारीक केले. मिटून उघडले. डोळ्यांत पाणी होतंच, त्यातूनही बघितलं.

"दिसली का गं?"

"दिसली, मावशी," मी म्हणाले.

वैशे, मला चौकोनच दिसत होते.